ॲनिमेतल्या नायिकेला इरकल नेसवताना

जपानी ॲनिमेतल्या एका पोरीला इरकल साडी नेसवून काढलेलं माझं डिजिटल चित्र इन्स्टावर टाकल्यापासून जे मेसेज येतायत त्यात निम्मे विचारतायत पदर कसा केला, ब्रश कुठला, आणि उरलेले विचारतायत हे मोबाईलवर होतंय का. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच बसून पहिल्यापासून लिहितो, म्हणजे ज्याला जे पाहिजे ते त्यानं उचलावं. लांब होणार आहे हे, खरं मधलं गाळून सांगितलं तर कुणालाच उपयोग नाही.

मी खानापूर तालुक्यातला, बेळगावात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझायनिंग करतो. वाढदिवसाचे बॅनर, दुकानांचे बोर्ड, लग्नाचे फ्लेक्स, आणि वैशाखात तिथीनं शिवजयंती आली की मंडळांची एवढी गर्दी असतेय की जेवायला फुरसत मिळत नाही. तिथं काम कोरल आणि फोटोशॉपवर, मराठी कन्नड दोन्ही टाईप करायचं. त्या कामानं हात चालू राहिला, रंग छापून आल्यावर काय होतंय ते कळलं, हे सगळं पुढं उपयोगी पडलं. पण आपलं चित्र म्हणून जे काढतो ते रात्री, घरी, आणि ते बहुतेक फॅन आर्टच.

फॅन आर्ट का, असं आमच्या दुकानातला एकजण नेहमी विचारतो, दुसऱ्याचं कॅरेक्टर काढून काय मिळतंय तुला. मला विचाराल तर लई मिळतंय. जे पात्र आपण कितीतरी एपिसोड बघितलंय त्याचा स्वभाव आपल्याला पाठ असतो, ती कशी उभी राहील, रागावली की मान कुठं वळवील, हे शोधत बसावं लागत नाही, त्यामुळं सगळं लक्ष रंगावर आणि उजेडावर देता येतंय. आणि बघणाऱ्यालाही ते पात्र माहीत असतंय, म्हणजे चित्र टाकल्या टाकल्या बोलायला सुरुवात होते. शिकणाऱ्या माणसाला याच्यापेक्षा चांगली जागा मला तरी दिसत नाही.

आधी साधनांचं सांगून टाकतो. सुरुवात फोनवर बोटानं, आयबिस पेंट नावाच्या ॲपमध्ये. नंतर एक जुना पेन टॅबलेट घेतला, स्क्रीन नसलेला, म्हणजे हात खाली टेबलावर आणि नजर समोर लॅपटॉपवर. पहिले काही आठवडे रेघ भलतीकडेच जाते, प्रत्येकाची जाते, त्याला घाबरून टॅबलेट विकू नका, हाताला सवय होते. बॉक्सवर ८१९२ प्रेशर लेव्हल, म्हणजे पेनाचा दाब ओळखायच्या पायऱ्या, लिहिलेलं असतंय त्याच्यावर फार जाऊ नका, त्याच्यापेक्षा ड्रायव्हरमध्ये प्रेशरचा कर्व्ह असतो तो आपल्या हाताप्रमाणं लावून घ्या. माझा हात जड आहे, मी कर्व्ह असा ठेवलाय की बऱ्यापैकी दाबल्याशिवाय रेघ जाड होत नाही, आणि तेवढ्यानं मनगट दुखायचं थांबलं. सॉफ्टवेअर क्रिटा, ते फुकट आहे, अगदी कायदेशीर फुकट, ओपन सोर्स. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर शोधत व्हायरस घरी आणण्याची काहीही गरज नाही.

आता इरकल कुठून आलं. आमची आत्ती अजून रोज इरकलच नेसते, शेतावर साधं सुती, जत्रेला ठेवणीतलं. मला तो लाल पदर आणि त्याच्यावरची पांढरी नक्षी लहानपणापासून इतकी ओळखीची आहे, खरं इंटरनेटवर फॅन आर्ट बघितलं तर किमोनो हजारो आहेत, काठपदराची पैठणी पण सापडते, इरकल कुठं दिसत नाही. म्हणून ठरवलं की माझ्या आवडत्या ॲनिमेतली ती तलवारवाली पोरगी इरकल नेसवूनच काढायची.

रेफरन्ससाठी, म्हणजे बघून काढायला, आत्तीलाच उभं केलं. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, हातात तलवारीऐवजी काठी.

"आत्ती, जरा अशी तिरकी उभी ऱ्हा की, आणि पदर खांद्यावरनं पुढं घेऊन खोच."

"काय कराल्यास रे हे? आणि हे लुगडं जुनं हाय, थांब, चांगलं नेसून येतो."

"जुनंच पाहिजे. जुन्याच्या निऱ्या बघ कशा मऊ पडतात."

मग तिला पटलं, आणि एकदा पटल्यावर तीच सांगायला लागली की लढाईला जाणारी बाई असा सैल पदर ठेवणार नाही, कंबरेला करकचून आवळणार. तिनं कासोटा घालून दाखवला, काठी दोन्ही हातात धरली, आणि पोज एकदम बदललीच. जी पोज तुम्ही चित्रात बघताय ती आत्तीची आहे. रेफरन्स स्वतः काढायचा फायदा हाच, नेटवरच्या फोटोत जो कोपरा दिसत नाही तो आपल्याला फिरून बघता येतो, आणि दुसऱ्याचा फोटो वापरला का हा प्रश्नच उरत नाही.

त्याच वेळी साडी नीट बघितली. इरकलचं गाव इलकल, बागलकोट जिल्ह्यात. साडीचं अंग आणि पदर यांचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगवेगळा असतो आणि विणतानाच ते दोन ताणे फासे घालून एकमेकांना जोडतात, त्यामुळं जिथं अंग संपून पदर लागतो तिथं रंग कात्रीनं कापल्यासारखा न बदलता बारीक दात्यांनी एकमेकांत शिरतो. फोटो झूम केल्यावर हे दिसतंय. आणि पदरावरची नक्षी, कुठं फणीचे दात, कुठं किल्ल्याची तटबंदी, कुठं जोंधळ्याचं कणीस, सगळे आकार सरळ रेघांचे आणि कोनाचे, गोल वळण जवळजवळ नाहीच. चित्र काढणाऱ्याला ही फार कामाची माहिती आहे, कारण असा कोनाचा आकार घडीवर वाकला की घडी लगेच कळते.

पात्र ओळखू येणं हा फॅन आर्टमधला खरा कस. कपडे बदलले, जागा बदलली, मग ती तीच आहे हे कशावरून कळणार? मी नेहमी एक परीक्षा करतो, आख्खी आकृती काळ्या रंगानं भरायची आणि लांबून बघायचं. नुसत्या सावलीवरून ओळख पटली पाहिजे. या पोरीच्या तीन गोष्टी पक्क्या आहेत, कपाळावर येणारी केसांची झुलपं, डोळ्याखालचा तीळ, आणि तलवार खाली धरून एक पाय मागं टाकून उभं राहायची पद्धत. या तिन्हीला हात लावला नाही. अंबाडा घातला, खरं झुलपं सोडली, कारण ती गेली असती तर सावलीतून ती गायबच झाली असती. कुंकू लावलं, तीळ ठेवला. बाकी साडी, बांगड्या, नथ, जे बदलायचं ते मनासारखं बदललं.

रंग लावायच्या आधी छोटे छोटे रफ, काडेपेटीच्या आकाराचे, फक्त तीन करड्या छटांत. गडद, मध्यम, फिकट, बस्स. मोठ्या कॅनव्हासवर सुरू केलं की माणूस डोळे काढत बसतो आणि मूळ मांडणीच फसलीय हे दोन रात्रींनंतर कळतंय. या रफमधनं मी तो निवडला ज्याच्यात आकृती गडद आणि मागचं आभाळ फिकट होतं. मागं राजहंसगडाची तटबंदी घेतली, येळ्ळूरची, आणि वेळ पावसाळ्यातली, ढग भरलेलं आभाळ. आपल्या भागातला तो पावसाळी उजेड चित्राला सोन्यासारखा आहे. ढगातून उजेड सगळीकडनं येतो, वरून जरा निळसर, सावल्यांना धारदार कड नसते आणि लाल हिरवा असे रंग कडक उन्हातल्यासारखे धुवून जात नाहीत. पदराचा लाल तेवढा दाट दिसतोय त्याचं अर्धं श्रेय त्या आभाळाला आहे.

मुख्य फाईल ए-फोर, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेल. माझा लॅपटॉप जुना आहे, याच्यावर मोठी केली की ब्रश मागं मागं सरकतो. लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद समजा, त्यांची नावं मी मराठीतच देतो, केस, कातडी, अंग, काठ, पदर, सावली, उजेड. हे छोटं वाटेल, खरं पुढं फाईल दुसऱ्याला देताना याचा किती उपयोग झाला ते सांगतोच. आधी रेघांचा लेअर, त्याच्याखाली प्रत्येक भागाचा सपाट रंग. क्रिटात क्लिपिंगसाठी लेअरच्या बाजूला अल्फाचं चिन्ह आहे, इनहेरिट अल्फा, ते दाबलं की वरचा रंग खालच्या आकाराच्या बाहेर जात नाही, पण त्यासाठी दोन्ही लेअर एका ग्रुपमध्ये पाहिजेत. नवीन लोक इथंच अडकतात, ग्रुप न करता अल्फा दाबतात आणि मग म्हणतात चालेना. कंट्रोल, शिफ्ट आणि जी एकदम दाबलं तर क्रिटा स्वतःच तसा ग्रुप करून देतं.

सावलीचा लेअर मल्टिप्लाय मोडवर, मोड म्हणजे वरचा लेअर खालच्यात कसा मिसळायचा ते. मल्टिप्लाय म्हणजे काय हे समजून घ्या, नुसतं कुणीतरी सांगितलं म्हणून लावू नका. तिथं वरच्या आणि खालच्या रंगाचे आकडे गुणले जातात, पांढरा म्हणजे १, काळा म्हणजे ०. ०.५ ला ०.५ नं गुणलं की ०.२५, म्हणजे दोन्हीपेक्षा गडद. पांढऱ्यानं गुणलं की काहीच बदलत नाही. लहानपणी लाल जिलेटिनवर निळा जिलेटिन कागद धरून बघायचो तसंच ते. म्हणून सावलीला काळा किंवा करडा घेऊ नका, रंग मेल्यासारखा दिसतो, मी फिकट निळसर जांभळा घेतो, तो आभाळाच्या उजेडाशी पण जुळतो. मधून मधून सगळ्यात वर एक काळ्यानं भरलेला लेअर ठेवून त्याचा मोड कलर करायचा, सगळं चित्र करडं दिसतं, आणि तेव्हा बघायचं की चेहरा मागच्या भिंतीत मिसळत तर नाही ना. आणि एम दाबून चित्र आरशासारखं उलटं करून बघायचं, डोळे वरखाली असतील तर लगेच टोचतात.

आता पदर, ज्याच्यासाठी बरेचजण थांबलेत.

पदराला आधी नक्षी घालायची नाही. आधी नुसतं लाल कापड रंगवायचं, घड्या कुठून सुटतात, कुठं दाबल्या जातात, खांद्यावर ताण कुठं आहे, हे पूर्ण करून घ्यायचं. मग वेगळ्या छोट्या फाईलमध्ये नक्षीचा एक तुकडा. क्रिटात डब्ल्यू दाबलं की रॅप अराउंड सुरू होतं, म्हणजे डाव्या कडेला काढलेली रेघ उजव्या कडेनं आत येते, वर गेलेली खालनं येते, आणि तुकड्याचा जोड आपोआप बिनचूक होतो, शेजारी शेजारी कितीही लावा. फणीचे दात, तटबंदी, कणीस, तिन्ही पट्टे असे केले, पांढरा रंग अगदी पांढरा न घेता जरा दुधाळ. मग तो तुकडा पसरून पदराच्या लाल रंगावर, सावलीच्या लेअरच्या खाली. सावली वर असल्यामुळं नक्षी आपसूक घडीत शिरल्यासारखी दिसायला लागते, आणि बऱ्याच लोकांना इथंच काम झालं असं वाटतंय, खरं अजून नक्षी सपाटच असते, चिकटवल्यासारखी.

त्यासाठी ट्रान्सफॉर्म मास्क, म्हणजे मूळ नक्षीला हात न लावता तिचा आकार वाकवायची सोय. मास्कवर केलेला बदल कधीही मागं घेता येतो, मूळ नक्षी शाबूत राहते. मेश, म्हणजे बिंदूंची जाळी, लावून एकेक बिंदू घडीप्रमाणं ओढायचा, फुगवट्यावर नक्षी रुंद, कडेला वळताना अरुंद. हे कंटाळवाणं आहे आणि याला दुसरा रस्ता मला सापडलेला नाही. आणि जिथं घडी पूर्ण आत वळते तिथं नक्षी खोडरबरनं तोडायचीच, कारण कापड दिसेनासं झाल्यावर नक्षी पण दिसायला नको, आणि घडीच्या पलीकडे ती पुन्हा सुरू होताना दोन-तीन दात सोडून पुढून सुरू करायची. एवढी एक गोष्ट केली की कापड खरं वाटायला लागतं. मी त्या खांद्याजवळच्या एका घडीवर जेवढा वेळ बसलोय तेवढा मागच्या आख्ख्या तटबंदीवर बसलो नाही.

शेवटी चकाकी. इरकलचा पदर रेशमी आणि अंग सुती असेल तर दोघांवर उजेड एकसारखा पडू देऊ नका. रेशमावर चकाकी अरुंद, टोकदार, घडीच्या माथ्यावरनं धावणारी. सुतावर रुंद आणि मऊ, जवळजवळ नाहीच. हा फरक दाखवला की बघणाऱ्याला कुणी न सांगता कळतं की दोन वेगळी कापडं आहेत. आणि अंग-पदराच्या जोडावरचे ते बारीक दाते हातानं, एकेक, छोट्या कडक ब्रशनं.

ब्रश कुठला, याचं उत्तर म्हणजे क्रिटातलेच, दोन-तीन. एक गोल कडक, एक मऊ, आणि एक रंग मिसळणारा कलर स्मज. डाऊनलोड केलेले पन्नास ब्रश ठेवून काही होत नाही.

चित्रातली कुठली कड धारदार आणि कुठली पुसट ठेवायची हे मी कुठं शिकलो तेही सांगायला पाहिजे. बेळगावच्या टिळकवाडीत वरेरकर नाट्यसंघात चित्रकार के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचं कलादालन आहे. बेळगावात राहून तुम्ही चित्र काढताय आणि के. बी. सरांची चित्रं प्रत्यक्ष बघितली नसतील तर जा, एकदा जाऊन नाकाला नाक लावून बघा. चित्रकार रवी परांजपे बेळगावचे, जन्म १९३५, तेही के. बीं.चेच विद्यार्थी. डिजिटलवाल्यांना वाटतं आपलं काहीतरी वेगळं आहे, पण चांगल्या पोर्ट्रेटमध्ये चेहऱ्याची एक कड धारदार आणि दुसरी मागच्या रंगात विरघळलेली असते, ते बघायला स्क्रीनपेक्षा कॅनव्हाससमोर उभं राहिलेलं बरं. घरी येऊन मी त्या पोरीच्या पाठीकडची कड स्मजनं ढगात मिसळून टाकली आणि तलवारीची कड तशीच कडक ठेवली. नजर तलवारीवरनं चेहऱ्याकडं जायला लागली.

मोबाईलवर होतंय का? होतंय. आयबिसमध्ये क्लिपिंग आहे, मल्टिप्लाय आहे, मेशनं वाकवायची सोय आहे. लेअर किती मिळणार ते फोनवर अवलंबून, म्हणून कातडी-केस झाले की एकत्र करत जायचं. बोटापेक्षा स्वस्तातला स्टायलस, म्हणजे स्क्रीनवर चालणारा पेन, बरा पडतो.

चित्र संपलं म्हणजे टाकायला तयार झालं असं नाही. ए-फोरचं प्रमाण उभं आणि लांबट, १ ला १.४१, आणि इन्स्टावरच्या उभ्या पोस्टसाठी मी घेतो ते माप १०८० बाय १३५०, म्हणजे १ ला १.२५. तसंच टाकलं तर डोकं तरी कापलं जाणार नाहीतर पाय. म्हणून मी रफपासूनच वर आभाळ आणि खाली गवत जास्तीचं ठेवतो, कापलं तरी चालतंय असं. रंगाची प्रोफाईल एसआरजीबी, स्क्रीनसाठी नेहमी वापरतात ती. दुसरं म्हणजे लाल रंग. जेपेग करताना फाईल लहान व्हावी म्हणून रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईनं साठवतात, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका दाट लालवरच्या बारीक रेघांना बसतो, म्हणजे नेमका आपल्या पदराला. पांढऱ्या नक्षीत लाल उतरतो, कडा पुसट होतात. क्रिटात जेपेग सेव्ह करताना सबसॅम्पलिंगचा, म्हणजे रंगाची माहिती किती कमी करायची त्याचा, पर्याय असतो, तो सगळ्यात चांगल्या क्वालिटीवर ठेवा, साईज स्वतः लहान करून द्या, आणि पदराचा जवळचा तुकडा दुसरा फोटो म्हणून वेगळा टाका. माझ्या पोस्टमध्ये लोक त्या दुसऱ्या फोटोवरच जास्त थांबले.

आणि मी नुसतं फायनल टाकत नाही, रफ, सपाट रंग, सावली, नक्षी लावायच्या आधीचा पदर, नंतरचा पदर, सगळं टाकतो. २०२१ च्या शेवटी आलेल्या क्रिटा ५ मध्ये रेकॉर्डर आतच दिलाय, तो चालू ठेवला की काम करतानाच टाईमलॅप्स, म्हणजे आख्खं काम पळवून दाखवणारा व्हिडीओ, तयार होतो. खाली मराठीत सगळं लिहितो, कुठला मोड, का लावला. मला शिकताना हे सगळं इंग्रजीत, पळवत पळवत बोलणाऱ्या व्हिडीओतनं वेचावं लागलं, मल्टिप्लाय कुठं लावायचं ते सांगणारे शंभर आणि का लावायचं ते सांगणारा एखादा. आपल्या भाषेत कुणी शांतपणे लिहिलं असतं तर मी किती लवकर पुढं गेलो असतो असं सारखं वाटायचं, म्हणून मी लिहितो. कन्नडमधल्या चार ओळी दुकानातला माझा मित्र लिहून देतो, तो हुक्केरीकडचा, आणि त्यामुळं धारवाड-हुबळीकडची पोरं पण येतात, "भाळ छलो ऐतरी", म्हणजे लई छान आहे, म्हणतात आणि पुढच्याच वाक्यात लेअर कसा केला ते विचारतात.

या पोस्टमुळं बेळगावातल्याच वडगावची एक मुलगी भेटली. घरात विणकाम, माग घरातच. तिनं आधी काठाचे जवळून काढलेले फोटो पाठवले आणि मग विचारलं की नक्षीचा तुकडा देशील का. मी आख्खी लेअरवाली फाईल दिली. लेअरची नावं मराठीत असल्यामुळं तिला काही विचारावं लागलं नाही, तिनं स्वतः उघडून बघितली, सावली बंद करून, नक्षी चालू करून, आणि काही दिवसांत तिच्या घरच्या काठांचे नवीन तुकडे करून मलाच परत पाठवले. विणणाऱ्याच्या घरातली असल्यानं तिच्या तुकड्यात धाग्याचा हिशोब बरोब्बर आहे, एक दात किती धाग्यांचा, दुसरा कुठं सुरू होतो. आता आम्ही ते तुकडे एका फोल्डरमध्ये ठेवलेत, ज्याला पाहिजे त्याला फुकट. ही नक्षी पिढ्यान्‌पिढ्या विणणाऱ्यांची आहे, तिच्यावर माझं नाव घालायचा प्रश्नच येत नाही.

एक वाईट पण झालं. एका मोठ्या पेजनं खालचा माझ्या नावाचा भाग कापून चित्र आपल्या पेजवर टाकलं, आणि मला कळेपर्यंत ते कुठल्या कुठं गेलेलं. खूप लागलं मनाला, आत्तीची पोज आणि खाली कुणाचं तरी नाव. मी भांडण न करता कॉपीराईटचा रिपोर्ट भरला, सोबत लेअर दिसणारे स्क्रीनशॉट आणि टाईमलॅप्स जोडला, आणि पोस्ट उतरली. तेव्हापासून सही कोपऱ्यात न करता पदराच्या काठात नाहीतर तटबंदीच्या दगडात करतो, कापायची तर चित्रच कापावं लागेल. आजकाल कुणी म्हणतंय हे एआयनं केलंय, त्यालाही टाईमलॅप्स हेच उत्तर, मूळ फाईल कधी डिलीट करू नका.

विकण्याबद्दल बरेच विचारतात. टी-शर्टवर छापून द्या म्हणून ऑर्डर पण आली, मी नाही म्हटलं. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणं मूळ कृतीवरून दुसरी कृती करायचा हक्क मूळ मालकाचा. चित्र मी रंगवलं असलं तरी ती पोरगी माझी नाही, तिला ज्यांनी घडवलं त्यांची आहे. हौसेनं काढून दाखवणं आणि तिच्यावर धंदा करणं यात मी फरक करतो, आणि ज्यांच्या कामावर आपण एवढं प्रेम करतो त्यांच्याच खिशात हात घालणं मला पटत नाही. त्याऐवजी तीच तटबंदी, तोच पदर, आणि माझ्या मनातली बाई असं दुसरं चित्र केलं, त्याचे प्रिंट देतो. छापताना लाल चांगला आला, खरं अंगाचा मोरपंखी रंग मळकट झाला, स्क्रीनचा तसला हिरवा-निळा छपाईच्या चार रंगांच्या सीएमवायके शाईत बसतच नाही, म्हणून छापायच्या आधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापून कसं दिसेल ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय, लावून बघा आणि एक छोटा टेस्ट प्रिंट घ्याच.

पुढचं चित्र गुळेदगुड्डच्या खणाचं करायचंय, त्याच ॲनिमेतल्या दुसऱ्या पोरीला खणाची चोळी. खणाची नक्षी बारीक आहे आणि उजेडात तिचा रंग बाजूनं बदलतो, त्यामुळं मेशच्या आधी चकाकीचाच वेगळा विचार करावा लागणार. ज्यांच्या घरात जुना खण असेल त्यांनी फोटो पाठवा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद, कापड सपाट पसरून बरोबर वरून, आणि एक फोटो हातात चुरगळून तिरका. त्याचे तुकडे पण त्याच फोल्डरमध्ये जातील, ज्याच्या घरचा खण त्याचं नाव लावून.